हाताच्या ड्रॉइंगमधले नेमके कोणते काम सॉफ्टवेअरने संपवले?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिव्हिल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात अजूनही ड्रॉइंग बोर्डवर पेन्सिलने शीट काढून घेतात, नोकरीत मात्र पहिल्या दिवसापासून सगळे काम सॉफ्टवेअरवर असते, मग हाताचे नेमके कोणते काम संपले, आणि जे संपले ते शिकण्यात वेळ का घालवायचा? रस्त्यांच्या डिझाइनमध्ये माझी सुरुवात मिनी ड्राफ्टर (बोर्डवर समांतर आणि काटकोनी रेषा काढण्याचे साधन) आणि ट्रेसिंग पेपरवर झाली आणि आज माझे सगळे काम संगणकातल्या मॉडेलवर चालते, त्यामुळे उत्तर मुख्यतः रस्त्यांच्या उदाहरणांतून देतो.

सॉफ्टवेअरमुळे रेषा ओढण्याचे कष्ट वाचले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची नाही, पण वाचलेल्या कष्टांत तो वाटा लहान आहे. हात बसलेला ड्राफ्ट्समन पहिल्यांदा शीट काढताना मुळीच संथ नसे. त्याची अक्षरे, रेषांची जाडी आणि मांडणी आजच्या अनेक शीटपेक्षा वाचायला सोपी असायची. जीव जायचा तो डिझाइन बदलल्यावर तेच काम दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा करताना. सिव्हिलच्या ड्रॉइंगमध्ये एकही आकृती एकटी नसते. प्लॅनमधली मध्यरेषा सरकली की एल-सेक्शनमधली, म्हणजे रस्त्याच्या लांबीवर घेतलेल्या उभ्या छेदातली, जमिनीची रेष बदलते, ती बदलली की प्रत्येक क्रॉस सेक्शन, म्हणजे रस्त्याचा आडवा छेद, बदलतो, क्रॉस सेक्शन बदलले की खोदाई आणि भरावाचे आकडे बदलतात, आणि उताराचा पायथा हलला की पुन्हा प्लॅनमधली जागेची हद्द बदलते. ही साखळी पूर्वी ड्राफ्ट्समनच्या डोक्यात आणि हातात असे. आज ती सॉफ्टवेअरच्या आत आहे.

एक उदाहरण घेऊ. पाच किलोमीटरचा रस्ता आहे आणि दर २० मीटरला क्रॉस सेक्शन हवा आहे. म्हणजे दोन्ही टोके धरून २५१ क्रॉस सेक्शन. प्रत्येकासाठी फील्ड बुकमधून लेव्हल (मोजलेल्या उंच्या) उतरवायच्या, ग्राफ पेपरवर जमिनीची रेष काढायची, एल-सेक्शनवरून त्या चेनेजची (रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या त्या अंतरावरची) फॉर्मेशन लेव्हल, म्हणजे तयार मातीकामाच्या माथ्याची उंची, वाचायची, रस्त्याचा साचा त्यावर ठेवून उतार जमिनीला भिडेपर्यंत न्यायचे आणि मग बंद झालेल्या आकृतीचे क्षेत्रफळ काढायचे. क्षेत्रफळासाठी प्लॅनिमीटर असे. याकोब आम्सलर या स्विस गणितज्ञाने १८५४ मध्ये तयार केलेले हे उपकरण शंभराहून अधिक वर्षे जवळपास त्याच रूपात वापरात राहिले. त्याची सुई आकृतीच्या कडेवरून एक पूर्ण फेरी फिरवायची, चाकावरचे वाचन घ्यायचे, पुन्हा फिरवायची, दोन वाचने जुळली नाहीत तर तिसऱ्यांदा. खोदाई आणि भराव दोन्ही असलेल्या सेक्शनला हे दोनदा करायचे. सगळे संपले, बेरजा जुळल्या, आणि तेवढ्यात मधल्या दीड किलोमीटरमध्ये ग्रेड, म्हणजे रस्त्याची चढ-उताराची रेषा, ३० सेंटिमीटर उचलायचे ठरले की त्या भागातले पंचाहत्तरच्या आसपास सेक्शन पुन्हा. ट्रेसिंगवर शाई चढवलेली असेल तर ब्लेडच्या कडेने ती हलकेच खरवडायची, खरवडलेली जागा घासून गुळगुळीत करायची आणि त्यावर नवी रेष ओढायची. एकाच जागी तिसऱ्यांदा खरवडले की कागद विरतो, हे त्या काळातल्या प्रत्येकाला अनुभवाने कळलेले असे.

याचा खरा परिणाम डिझाइनवर होत असे. एका पर्यायाची किंमत इतकी मोठी असल्यामुळे दुसरा पर्याय क्वचित तपासला जाई आणि तिसरा जवळजवळ कधीच नाही. खोदलेली माती जवळच्या भरावात वापरता यावी म्हणून ग्रेड थोडे वर-खाली करून पाहणे हे पुस्तकात लिहिलेले असे, त्यासाठीची मास-हॉल आकृती (कुठली माती कुठे न्यायची हे दाखवणारा आलेख) परीक्षेत काढावीही लागे. पण प्रत्यक्षात एकदा ठरलेले ग्रेड ड्राफ्टिंग सुरू झाले की गोठायचे. ते बदला म्हणणाऱ्या इंजिनिअरकडे सगळा हॉल ज्या नजरेने पाहायचा, ती मी विसरलेलो नाही. आज मध्यरेषा, ग्रेड, रस्त्याचा साचा आणि जमिनीचा पृष्ठभाग ही चार गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतात. ग्रेडचा एक बिंदू ओढला की सगळे सेक्शन, उतारांच्या हद्दी आणि मातीकामाचे तक्ते थोड्या वेळात नव्याने उभे राहतात. आठ-दहा पर्याय पाहून त्यांतला एक निवडणे आता नेहमीचे काम झाले आहे, आणि माझ्या मते सॉफ्टवेअरची सर्वांत मोठी देणगी हीच.

हे एका दिवसात घडले नाही, आणि घडले तेही लोक समजतात त्या क्रमाने नाही. सिव्हिलमध्ये संगणकाने आधी गणित घेतले, रेष बऱ्याच नंतर. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात चार्ल्स मिलर आणि रॉबर्ट लाफ्लाम यांनी १९५८ मध्ये डिजिटल टेरेन मॉडेलची कल्पना मांडली ती रस्त्यांच्या मातीकामासाठीच. जमीन म्हणजे कंटूरचा (समान उंचीच्या रेषांचा) नकाशा नसून बिंदूंच्या सहनिर्देशकांचा संच आहे, हा त्यामागचा विचार होता. त्याच सुमारास मिलर यांच्याच पुढाकाराने ‘कोगो’ ही सर्वेक्षणाच्या भूमितीची संगणकी भाषा तयार झाली आणि सात अंकी लॉगॅरिदमच्या तक्त्यांची गरज संपू लागली. पडद्यावर रेष काढून ती हलवता येते हे आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये ‘स्केचपॅड’ने दाखवले, पण सामान्य ऑफिसच्या टेबलापर्यंत ही गोष्ट पोहोचली ती डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आल्यानंतर. मधली दोन दशके विचित्र होती: आकडे मशीन छापून देई आणि माणूस ते आकडे पाहून हाताने वक्र काढत बसे. ऑटोकॅड आल्यानंतरही पुष्कळ वर्षे आम्ही त्याचा वापर महागड्या ट्रेसिंग पेपरसारखाच केला. रेषा सुबक आल्या, खोडणे सोपे झाले, पण प्लॅनमधल्या रेषेला एल-सेक्शनमधल्या रेषेचा पत्ता नव्हता. ती ओळख करून देणारी सॉफ्टवेअर ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकापासून होती. त्यांतल्या ‘मॉस’मध्ये रस्त्याची प्रत्येक कड ही अवकाशातली एक दोरी मानली जाई. पण अशी साधने सर्रास वापरात यायला खूप वेळ गेला.

कंटूरचे काम वेगळे पाहण्यासारखे आहे, कारण तिथे सॉफ्टवेअरने कष्ट संपवताना एक नवी जबाबदारी निर्माण केली. हाताने कंटूर काढताना दोन बिंदूंमध्ये प्रमाण मांडायचे. एक बिंदू १०१.३७ आणि दुसरा १०३.८२ असेल आणि कागदावर त्यांच्यात ४० मिलिमीटर अंतर असेल, तर १०२ ची रेष पहिल्या बिंदूपासून सुमारे १०.३ मिलिमीटरवर जाते. हजार बिंदूंच्या नकाशात असे हजारो भागाकार. सॉफ्टवेअर बिंदू जोडून त्रिकोणांचे जाळे विणते आणि हेच प्रमाण प्रत्येक त्रिकोणाच्या बाजूवर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मांडते. पण कोणते बिंदू एकमेकांना जोडायचे हे ते केवळ जवळिकीवरून ठरवते. नाल्याच्या दोन्ही काठांवर दाट बिंदू आणि तळाशी विरळ बिंदू असतील, तर त्रिकोण एका काठावरून थेट दुसऱ्या काठावर उडी मारतात आणि मॉडेलमध्ये नाल्याला जागोजागी बांध पडतात. हाताने काढणाऱ्याकडून ही चूक होत नसे, कारण नाल्याशी कंटूर वरच्या बाजूला टोक करून वळतात हे त्याला माहीत असे आणि आकडे काहीही म्हणोत, त्याचा हात तसाच वळे. सॉफ्टवेअरला ते सांगावे लागते: नाल्याचा तळ, काठ, रस्त्याची कड, भिंतीचा पाया, या सगळ्या ठिकाणी ब्रेकलाइन द्यावी लागते, म्हणजे कोणताही त्रिकोण ती रेष ओलांडत नाही. नवख्या माणसाचे मॉडेल हाती आले की मी सर्वांत आधी ब्रेकलाइन पाहतो.

उभ्या वक्राचे उदाहरणही बोलके आहे. समजा २ टक्के चढ आणि पुढे ३ टक्के उतार आहे आणि त्यांच्यात २०० मीटर लांबीचा पॅराबोला बसवायचा आहे. वक्र सुरू होतो तिथे लेव्हल १००.०० धरली तर दर २० मीटरला स्पर्शरेषेपासूनचा फरक ०.०५, ०.२०, ०.४५, ०.८० आणि १.२५ मीटर येतो, आणि लेव्हल १००.३५, १००.६०, १००.७५, १००.८० आणि १००.७५ होतात. माथा १०० मीटरवर नसून ८० मीटरवर आहे, हे आकड्यांवरूनच दिसते. जुन्या ऑफिसात याची एक सुंदर तपासणी असे: लागोपाठच्या लेव्हलमधले फरक काढायचे, मग त्या फरकांचे फरक. इथे पहिले फरक ०.३५, ०.२५, ०.१५, ०.०५ आणि उणे ०.०५ येतात, आणि दुसरा फरक प्रत्येक ठिकाणी उणे ०.१०. तो कुठे वेगळा आला की तिथे चूक आहे, शोधाशोध नको. सॉफ्टवेअर या बेरजा चुकवत नाही, म्हणून ही तपासणी कालबाह्य झाली असे वाटते. प्रत्यक्षात मी ती अजून वापरतो, पण वेगळ्या कामासाठी: दुसऱ्या कोणाच्या फाइलमधून आलेला, मूळ वक्राची माहिती हरवलेला, नुसत्या बिंदूंचा प्रोफाइल तपासताना.

मातीकामाच्या घनफळाबद्दल एक गंमत सांगितली पाहिजे. दोन सेक्शनच्या क्षेत्रफळांची सरासरी काढून तिला अंतराने गुणायचे, ही जुनी पद्धत हाताच्या सोयीसाठी निघाली. ती नेहमी अचूक नसते. एका सेक्शनला ४० चौरस मीटर खोदाई आणि २० मीटर पुढच्या सेक्शनला शून्य असेल तर ही पद्धत ४०० घनमीटर देते. आकृती दोन्ही दिशांनी सारखी निमुळती होत असेल तर मधले क्षेत्रफळ १० चौरस मीटर भरते आणि दोन्ही टोकांबरोबर मधले क्षेत्रफळही धरणाऱ्या प्रिझमॉइडल सूत्राने खरे घनफळ सुमारे २६७ घनमीटर निघते. खोदाई संपून भराव सुरू होतो अशा प्रत्येक ठिकाणी हा फरक कमीअधिक प्रमाणात असतोच. संगणकाला अचूक सूत्राचा मुळीच त्रास नाही, दोन पृष्ठभागांमधले घनफळ तो त्रिकोणात्रिकोणाने थेट काढू शकतो. तरीही प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये सरासरीची पद्धत ठाण मांडून आहे, कारण करार आणि मोजमापाचे नियम तिच्यावर बेतलेले आहेत. तेव्हा ‘सॉफ्टवेअरने काढलेला आकडा’ असे म्हणून पुढे जाऊ नका. कोणत्या पद्धतीने काढला हे विचारा, आणि दोन पद्धतींच्या आकड्यांत मोठा फरक दिसला तर तो कोणत्या चेनेजला पडतो ते पाहा.

आता गमावले काय, याकडे येतो. हाताचे काम संथ होते आणि त्या संथपणात एक तपासणी आपोआप होत असे. अडीचशे सेक्शन काढणारा माणूस अडीचशे वेळा त्या जमिनीवरून मनाने चालून येत असे. मोरीचा तळ नाल्याच्या तळापेक्षा वर राहिला, गटाराला निकासच नाही, उताराचा पायथा शेजारच्या बांधकामात घुसतो, अशा गोष्टी त्याच्या नजरेस पडायच्या, कारण पेन्सिल तिथे अडायची. आमच्याच एका कामात सर्वेक्षणाच्या फाइलमध्ये एक बिंदू लेव्हलविना आला होता. सॉफ्टवेअरने ती शून्य धरली, आणि शंभर मीटर उंचीच्या जमिनीत एक खोल विहीर तयार झाली. कंटूरचे दृश्य बंद ठेवून आम्ही काम करत होतो. भरावाचा आकडा अपेक्षेपेक्षा मोठा आला, तरी ‘मशीनने काढलाय’ म्हणून दोन दिवस कोणी संशय घेतला नाही. शेवटी एका जुन्या सहकाऱ्याने सेक्शनची शीट चाळताना विचारले, ‘अहो, इथे खाण आहे का?’ चूक माझी होती. मॉडेल हाती आल्यावर पृष्ठभागाची सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त लेव्हल पाहायला अर्धा मिनिट लागतो, तो मी दिला नव्हता. तेव्हापासून ते पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

संदर्भपातळीची आणि एककांची चूक याहून वाईट, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यामध्ये ऱ्हाइन नदीवरच्या लाउफेनबुर्ग इथल्या पुलाचे उदाहरण सर्वांना ठाऊक असायला हवे. एका देशाची उंची अॅमस्टरडॅमच्या समुद्रपातळीशी जोडलेली, दुसऱ्याची मार्सेच्या. दोहोंत २७ सेंटिमीटरचा फरक आहे हे सगळ्यांना माहीत होते आणि तो हिशेबात धरलाही होता, पण चिन्ह उलटे लागले. परिणामी फरक शून्य होण्याऐवजी दुप्पट झाला, आणि २००३ मध्ये दोन्ही बाजूंच्या बांधकामात ५४ सेंटिमीटरची तफावत उघड झाली. सॉफ्टवेअर दिलेल्या चिन्हावर विश्वास ठेवते. अमेरिकेत सर्व्हे फूट आणि आंतरराष्ट्रीय फूट यांच्यात दहा लाखांत दोन भाग इतकाच फरक आहे. इमारतीत तो जाणवणारही नाही, पण राज्याच्या सहनिर्देशक प्रणालीतल्या लाखो फुटांच्या आकड्यांवर चुकीचे एकक निवडले की सगळे ड्रॉइंग काही फूट सरकते. सर्व्हे फूट २०२२ च्या अखेरीस अधिकृतपणे बाद करण्यात आला, पण जुन्या फाइली अजून वापरात आहेत.

याच संदर्भात प्रमाणाचा मुद्दा येतो. कागदावर १:१००० ला काढलेल्या नकाशात पेनाची ०.२५ मिलिमीटरची रेषच जमिनीवर २५ सेंटिमीटर व्यापत असे, त्यामुळे त्या नकाशावरून मिलिमीटर मोजण्याचा मोह कोणाला होत नसे. पडद्यावर सगळे १:१ असते आणि हवे तेवढे जवळ जाता येते. पाच सेंटिमीटरच्या अचूकतेच्या सर्वेक्षणावर तीन दशांशांपर्यंत लिहिलेल्या लेव्हल पाहिल्या की मला आजही खटकते.

स्ट्रक्चरच्या बाजूबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण ते माझे रोजचे क्षेत्र नाही. तिथे हार्डी क्रॉस यांनी १९३० मध्ये मांडलेली मोमेंट डिस्ट्रिब्यूशनची (फ्रेमच्या सांध्यांवरचे वाकवणारे परिणाम टप्प्याटप्प्याने वाटत नेण्याची) पद्धत अनेक दशके हातानेच चालत होती. बहुमजली फ्रेमचे कोष्टक भरण्यात दिवस जात आणि भार बदलला की कोष्टक पुन्हा मांडावे लागे. याच गृहस्थांनी १९३६ मध्ये पाण्याच्या पाइपजाळ्यासाठीही फेरफेरीने उत्तराजवळ जाण्याची पद्धत दिली, आणि तेही काम आज इपानेटसारखे मोफत सॉफ्टवेअर क्षणात करते. सळयांचे बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे प्रत्येक सळईची कापायची लांबी, वाक आणि नग, हे माझ्या पाहण्यातले सर्वांत कंटाळवाणे काम होते आणि ते गेल्याचे कोणालाही दुःख नाही.

कागदाचे स्थानही बदलते आहे, हे नोकरीत येताना लक्षात ठेवा. उपग्रहांवरून स्वतःची जागा ओळखणारे ग्रेडर आणि डोझर आता थेट डिझाइनचा पृष्ठभाग वाचतात आणि पाते त्याप्रमाणे वर-खाली करतात. अशा कामावर क्रॉस सेक्शनची शीट केवळ तपासणी आणि नोंदीपुरती उरते. म्हणजे पूर्वी ड्रॉइंगमध्ये राहिलेली चूक साइटवरच्या अनुभवी मुकादमाच्या नजरेला पडण्याची शक्यता होती, ती मॉडेलमधून सरळ मातीत उतरू शकते.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. शाईने सुबक अक्षरे काढण्याचा सराव करू नका, तो काळ गेला. पण एकदा, फक्त एकदा, एक किलोमीटर रस्ता संपूर्ण हाताने करा: पन्नास-साठ बिंदूंवरून कंटूर काढा, मध्यरेषा आखा, एल-सेक्शनवर एक उभा वक्र बसवा, दर १०० मीटरला म्हणजे अकरा क्रॉस सेक्शन काढा, ग्राफ पेपरचे चौकोन मोजून क्षेत्रफळे घ्या आणि घनफळांची बेरीज करा. मग तेच बिंदू सॉफ्टवेअरमध्ये घालून आकडे ताडून पाहा. आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. ते का जुळले नाहीत हे प्रत्येक सेक्शनपाशी थांबून शोधा: कुठे त्रिकोण चुकीचे जोडले गेले असतील, कुठे सरासरीची पद्धत फसली असेल, कुठे तुमचाच भागाकार चुकला असेल. सलग दोन सुट्ट्यांच्या दिवसांत हे काम पूर्ण होते, आणि त्यानंतर दुसऱ्याने केलेले मॉडेल समोर आले की पहिला प्रश्न कोणता विचारायचा ते तुम्हाला माहीत असेल.